मिठाचें कुंपण : चोर कोण?

(शनिशिंगणापूर, तालुका नेवासें, येथें एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



आपल्या गांवाचें नांव दूरवर गाजलें तें दोन गोष्टींमुळें. एक चौथऱ्यावरचा शनिदेव, आणि दुसरी आपलीं बिनदाराचीं घरें. येथें जो चोरी करील त्याला देव पाहून घेतो, अशी लोकांची समजूत आहे. २०११ सालीं युको बँकेनें येथें कुलुपाशिवाय शाखा उघडली, तेव्हां बँकवाल्यांनाही ही समजूत परवडली असें दिसतें. देव चोराला खरेंच धरतो कीं नाहीं, या वादांत मी आज शिरत नाहीं. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. चोराला धरण्याआधीं चोर कोण हें कोणीतरी ठरवावें लागतें. तें कोण ठरवितो?

या प्रश्नावर मी तुम्हांला मिठाची हकीकत सांगणार आहें. सोन्याची नाहीं, अफूची नाहीं, साध्या मिठाची. जें आपण भाकरीच्या पिठांत टाकतों, बैलाच्या पेंडींत घालतों, लोणच्याच्या बरणींत भरतों, त्या मिठासाठीं या देशांत एकेकाळीं हजारों माणसें तुरुंगांत गेलीं. आणि त्या मिठासाठीं सरकारनें या देशाच्या अंगावरून काट्यांचें एक कुंपण घातलें होतें. कुंपण म्हणतों तें आपल्या मळ्याचें नव्हे. तें शेंकडों कोस चाललें होतें.

मीठ हें समुद्रकांठचें पीक. पेण, उरण, भाईंदर, वसई, या खाडीकांठच्या मिठागरांत आगरी लोक उन्हांत उभे राहून तें पिकवीत. पायाला खारें पाणी लागून भेगा पडत, त्यांतून रक्त येई. तेथून मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवर चढे आणि नाणेघाटांतून, माळशेजांतून, बोरघाटांतून देशावर येई. परत जातांना त्याच बैलांवर आपली ज्वारी, हरभरा जाई. तांड्याला रस्ता लागत नसे, पूल लागत नसे. चारा आणि पाणी मिळालें कीं पुरे. आपल्या पणज्यांनीं मीठ घेतलें तें असल्याच तांड्यांकडून, धान्याच्या बदल्यांत, मापानें.

या मिठावर कंपनी सरकारची नजर गेली. कारण उघड आहे. श्रीमंत मनुष्य रेशीम घेईल, गरीब घेणार नाहीं. पण मिठावांचून गरीबाचेंही चालत नाहीं. उन्हांत राबणाऱ्याला घाम जास्त, म्हणून त्याला मीठही जास्त लागतें. गादीवर बसणाऱ्याला कमी लागतें. म्हणजे हा असा कर आहे कीं जो जितका जास्त राबेल तितका तो जास्त भरील. मुंबई इलाख्यांत १८३७ सालीं मणाला आठ आणे कर बसला. १८४४ सालीं तो एक रुपया करूं लागले तेव्हां सुरतेंत लोकांनीं दंगा केला, आणि सरकारनें तो बारा आण्यांवर आणला. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे, कारण त्यानंतर सरकार हळूहळू चढलें. १८५९ सालीं एक रुपया, १८६१ सालीं सव्वा, १८६५ सालीं दीड, आणि १८६९ सालीं एक रुपया तेरा आणे. एका उडींत चढलें असतें तर कदाचित् पुन्हां दंगा झाला असता. पायरीपायरीनें चढलें, कोणी कांहीं बोललें नाहीं.

हें झालें आपल्याकडचें. उत्तरेंत व बंगाल्यांत कर याहून भारी होता. १८६९-७० च्या सुमारास उत्तरेंत मणाला तीन रुपये, बंगाल्यांत सवा तीन. आणि शेजारीं राजपुतान्याच्या संस्थानांत सांभर सरोवराचें मीठ तर इंग्रजी कराशिवाय निघे. आतां शाळेंतलें पोरही हिशेब करील. मण म्हणजे चाळीस शेर. एखादा मनुष्य वीस शेर मीठ डोक्यावर घेऊन रात्रीं हद्द ओलांडून आला, तर त्याचा कर वांचला दीड रुपया, म्हणजे चोवीस आणे. मजुराचा रोज दोन आणे धरला तर एका रात्रींत बारा दिवसांची मजुरी. मग तो घरीं बसेल काय? तुम्हीं आम्हीं बसलों असतों काय?

तो बसूं नये म्हणूनच तर कुंपण आलें. पहिल्यानें नुसतीं नाकीं होतीं, मग चौक्यांची रांग झाली, मग चौक्यांना जोडणारी वाट, आणि वाटेच्या कडेला काटे. १८६९ सालीं ही जकातीची रेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत २,३०० मैल होती. मुलतान, आग्रा, झांशी, होशंगाबाद, खंडवा, रायपूर, असा तिचा मार्ग. आपल्या खानदेशाच्या डोक्यावरूनच ती जात होती म्हणाना. कारण मुंबईचें मीठ एक रुपया तेरा आण्यांचें आणि वरचें तीनाचें. तेव्हां आपल्या बाजूचें मीठही त्या सरकारला चोराचेंच मीठ. राज्य एक, राणी एक, टोपी एक, आणि तरी एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत मीठ नेलें तर गुन्हा!

या रेषेवर सुमारे बारा हजार माणसें पहाऱ्यास होतीं आणि चौक्या सतराशेंवर. कुंपण पहिल्यानें वाळक्या काट्यांचें करीत. एका मैलाला अडीचशें टन काटेरी झुडुपें लागत, तीं गाड्यांत घालून आणावीं लागत, आणि वाळवी लागली, वणवा लागला, वावटळ आली कीं सारें पुन्हां. कुंपण म्हणजे काय हें तुम्हांला सांगायला नको. बोराटी रचून रचून आपलीं कोपरें फाटलीं आहेत. मग १८६७ सालीं ह्यूम नांवाचे साहेब त्या खात्याचे मुख्य झाले. त्यांनीं विचार केला कीं मेलेलें कुंपण दरसाल घालण्यापेक्षां जिवंत लावावें. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, शेर, जेथें जें जगेल तें लावलें. खड्डे खणले, माती आणून टाकली, पाणी साठवलें. दहा ते चौदा फूट उंच, सहा ते बारा फूट रुंद. असें पक्कें, कोठेंही फट नसलेलें हिरवें कुंपण चारशें मैलांवर उभें राहिलें. उरलेलें अर्धें हिरवें, अर्धें वाळकें, आणि जेथें झाड जगेना तेथें दगडाची भिंत.

विचार करा मंडळी. ज्या मुलखांत दर चार वर्षांनीं दुष्काळ, तेथें सरकारनें झाडें लावलीं, पाणी घातलें, जगवलीं, कशासाठीं? सावलीसाठीं नाहीं, फळासाठीं नाहीं. माणूस मिठापर्यंत पोंचूं नये म्हणून. आणि हे ह्यूम साहेब तेच, जे पुढें १८८५ सालीं काँग्रेस स्थापन करण्यांत पुढारी झाले. त्यांचे गुणही पुष्कळ असतील. पण पुढारी म्हणून ज्याच्या गळ्यांत हार पडतो त्याच्या मागच्या नोकरीची वही आपण शेतकऱ्यांनीं एकदां उलटून पाहावी, एवढेंच मी म्हणतों.

आतां चोरांची गोष्ट. हे चोर कोण होते? बहुतेक कुंपणाकांठचे गांवकरी. कोणी डोक्यावरून मीठ आणी, कोणी कुंपणाच्या एका बाजूनें गोणी भिरकावी आणि दुसऱ्या बाजूला भाऊबंद ती झेली. कोठें उंट-बैलांचा जथाच काट्यांवर घालून कुंपण फोडीत. १८६८ सालीं २,३४० जणांना शिक्षा झाल्या. १८७३-७४ सालीं ३,२७१. १८७७-७८ सालीं ६,०७७. सुमारे आठ रुपये दंड होई, आणि तो देतां आला नाहीं तर सहा आठवडे तुरुंग. आठ रुपये ज्याच्या गांठीं आहेत तो वीस शेर मिठासाठीं रात्रीं काट्यांत शिरतोच कशाला? तेव्हां तुरुंगच. १८७७ च्या सप्टेंबरांत दोन पहारेकऱ्यांनीं एकशें बारा जणांची टोळी अडवली; ते दोघेही ठार झाले, आणि त्या टोळींतले पुष्कळ जण मागाहून पकडले जाऊन तुरुंगांत गेले किंवा काळ्या पाण्यावर गेले. मेलेले ते दोन पहारेकरीही साहेब नव्हते, आपल्यासारख्याच कोणाचीं तरी पोरें होतीं. गरीबाला गरीबावर पहाऱ्याला बसवावें, ही युक्ति राज्यकर्त्यांची फार जुनी आहे. आणि जो पहारेकरी महिन्याला चार-पांच रुपयांवर रात्र काढतो, त्यानें चार आणे घेऊन तोंड फिरवलें तर नवल नाहीं. पकडलेल्या मालावर बक्षीस असे, म्हणून कोणी कोणी आपणच मीठ पुरून ठेवीत आणि आपणच ‘शोधून’ काढीत. कारकुनाच्या वहींत सारें बरोबर भरे.

मोठा व्यापारी मात्र कोठेंच पकडला जात नसे, कारण तो कर भरून, पावती घेऊन, दिवसाढवळ्या नाक्यांतून जाई आणि भरलेला कर गिऱ्हाइकाच्या मापांत टाकी. त्याला कुंपणाचा त्रास नव्हता. कुंपणानें भाव चढाच राहिला तर त्याला बरेंच.

आतां ज्या भागाशीं आपल्या जिल्ह्याचा जास्त संबंध आहे तो सांगतों. १ एप्रिल १८७९ रोजीं सिंधूकांठचा तुकडा सोडून ही रेषा उठली. लिटन साहेब व्हाइसरॉय आणि स्ट्रेची साहेब खजिन्यावर होते. पुस्तकांतून याला मोठी सुधारणा म्हटलें आहे. व्यापार मोकळा झाला, छळ थांबला. खरेंच थांबला. पण कुंपण उठवायचें तर दोन्हीं बाजूंचा कर सारखा पाहिजे, नाहीं तर पुन्हां चोरी. सारखा कसा करायचा? एक मार्ग असा कीं वरचा कर उतरवून आपल्याएवढा करावा. तो सरकारनें घेतला नाहीं. वरचा थोडा उतरवला, आणि मुंबई व मद्रासचा एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर चढवला. केव्हां? १८७७-७८ सालीं. म्हणजे ऐन मोठ्या दुष्काळांत!

त्या दुष्काळाची आठवण या जिल्ह्यांत जुन्या माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. १८७६ चा पाऊस गेला. त्याआधीं एकच वर्ष, १८७५ सालीं, सुप्याच्या बाजारांत आणि मग आपल्या पारनेर-श्रीगोंद्याकडे लोकांनीं सावकारांचे कागद जाळले होते; तेव्हां घरांत काय शिल्लक असेल तें समजा. लोक खडी फोडायला गेले. धोंड-मनमाड रेल्वे १८७८ सालीं सुरू झाली, तिच्या भरावावर दुष्काळी मजुरांचा घाम आहे. टेंपल साहेबांनीं शेरभरसुद्धां नाहीं, एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, एवढ्या मजुरीवर माणूस जगतो असें ठरवलें होतें. अशा वेळीं मिठावर मणामागें अकरा आणे वाढ. पांच माणसांच्या घराला वर्षाला तीस शेर मीठ धरा. अडीच रुपये मणानें कर झाला तीस आणे, म्हणजे साऱ्या घरासाठीं पंधरा दिवसांची मजुरी नुसत्या मिठाच्या कराला. त्यांतली चार दिवसांची मजुरी नवी. उत्तरेंतलें कुंपण उठलें, त्याची किंमत मोजणारांत आपणही होतों. १८८२ सालीं कर दोन रुपयांवर आला, १८८८ सालीं पुन्हां अडीच.

दुसरें कुंपण गोव्याच्या बाजूला होतें, पण तें काट्यांचें नव्हतें, घाटांतल्या चौक्यांचें. गोवें पोर्तुगीजांचें. तेथलें मीठ स्वस्त. तें सह्याद्रीच्या वाटांनीं सावंतवाडी, बेळगांव, कोल्हापूरकडे चढे. इंग्रजांनीं घाटाघाटांत पहारे बसवले, तरी ज्याला रान ठाऊक आहे त्याला पहारा काय अडवणार? शेंवटीं २६ डिसेंबर १८७८ रोजीं दोन्हीं सरकारांचा तह झाला आणि जानेवारी १८८० पासून तो चालूं झाला. इंग्रजांनीं गोव्याचीं मिठागरें आपल्या ताब्यांत घेतलीं, बदल्यांत पोर्तुगीज सरकारला सालीना चार लाख रुपये. सरकारनें सरकारला दिले. मीठ पिकविणाराला काय मिळालें? मिठागरें पडलीं, घरचें मीठ महागलें, आणि पोट भरायला गोव्याचीं माणसें मुंबईची वाट धरूं लागलीं. १८९२ सालीं तह संपला. मग पुन्हां हद्दीवर चौक्या. मालाची हद्द बंद केली कीं माणूस हद्द ओलांडतो, हा अनुभव तेव्हांचा आहे आणि आजचाही आहे.

या साऱ्यांत लमाणांचें काय झालें? एकीकडून रेल्वे आली, दुसरीकडून परवाने आले. ज्यांनीं शेंकडों वर्षें या देशाला मीठ आणि धान्य पोंचवलें त्यांचे बैल निकामी झाले. फिरणारा मनुष्य कागदावाल्या सरकारला नेहमीं खुपतो. त्याला घर नाहीं, सात-बारा नाहीं, उद्यां कोठें असेल तें सांगतां येत नाहीं. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि १९११ सालीं तो आपल्या इलाख्यालाही लागूं पडला. त्या कायद्यानें जन्मलेलें मूलच गुन्हेगार! ज्या जमातींची नोंद झाली त्यांनीं हजेरी द्यायची, परवान्यावांचून हद्द सोडायची नाहीं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला. आज महाराष्ट्रांत बंजारा, पारधी, कैकाडी, रामोशी हे विमुक्त जातींच्या यादींत आहेत. ‘विमुक्त’ या शब्दाचा अर्थ पोरांना विचारला तर सुटलेले असें सांगतात. कशांतून सुटलेले, हें पुढें विचारलें कीं गप्प बसतात. तें घरांतून कोणी सांगितलेलें नसतें, आणि शाळेच्या पुस्तकांत एका ओळींत उरकलेलें असतें.

आणि अगदीं घराजवळची हद्द? ती तर आपली गंगामाई. प्रवरासंगमाला उभें राहून पलीकडे पाहा. कायगांव, गंगापूर. १८१८ पासून अलीकडे इंग्रज, पलीकडे निजाम. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली. पलीकडे करोडगिरीचीं नाकीं, आणि १८०२ च्या तहापासून मालावर शेंकडा पांच जकात. सोयरीक दोन्हीं तीरांवर, आणि मधून परराज्य. १८५७ सालीं नांदूर शिंगोट्याला ज्यांनीं हेन्री साहेबाला पाडलें ते भागोजी नाईक दोन वर्षें इंग्रजांच्या हातीं लागले नाहींत, त्याचें एक कारण ही हद्दच. पाठीवर फौज आली कीं निजामच्या मुलखांत, तेथें गडबड झाली कीं इकडे. १८५९ च्या नोव्हेंबरांत मिठसागरला ते पडले. सरकारी कागदांत ते दरोडेखोर आहेत. मिठाच्या बाबतींत मात्र ही नदी कांहीं कामाची नव्हती. निजामाला समुद्र नाहीं. त्याच्या रयतेचें मीठही आमच्याच कोंकणांतून कर भरून जाई. इंग्रजांनीं अकरा आणे वाढवले ते पैठणच्या कुणब्यानेंही भरले, आणि त्याला तर दाद मागायला सरकारही दुसरें होतें.

१९३० सालीं गांधीजींनीं दांडीला मीठ उचललें, इकडे वडाळ्याला आणि शिरोड्याला लोकांनीं लाठ्या खाल्ल्या, ही गोष्ट तुम्हीं सारे जाणतां. कर उठला तो १९४७ सालीं. त्या कुंपणाचें मात्र कोणाला स्मरणही राहिलें नाहीं. रॉय मॉक्झम नांवाचे एक इंग्रज गृहस्थ जुन्या नकाशांवरून तें शोधीत हिंडले, आणि १९९८ सालीं इटावा जिल्ह्यांत चंबळेजवळ त्यांना त्याचा एक तुकडा सांपडला. कुंपण मोडलें, काटे जळणाला गेले, पहाऱ्याच्या वाटेवर पुढें कोठें सडक झाली, कोठें शेत झालें.

कोणी म्हणेल, मास्तर, हें इंग्रजांचें झालें. आतां काय त्याचें? तर ऐका. १९७२ पासून सुमारे तीस वर्षें आपल्याच राज्यांत कापूस एकाधिकारानें खरेदी होत होता. सरकारखेरीज कोणाला विकायचा नाहीं, हद्दीबाहेर न्यायचा नाहीं. ज्या वर्षीं गुजरातेंत, आंध्रांत भाव जास्त, त्या वर्षीं आपला विदर्भाचा शेतकरी स्वतःच्या शेतांतला, स्वतःच्या बायकोनें वेचलेला कापूस रात्रीं गाडींत घालून हद्द ओलांडी, आणि पकडला गेला कीं चोर. ती योजना शेतकऱ्याच्या नांवानें निघाली होती, आणि ज्या वर्षीं बाहेर भाव पडला त्या वर्षीं तिनें त्याला हातही दिला, हें मी नाकारीत नाहीं. पण माझा प्रश्न तोच राहतो. कांद्याचेंही पाहा. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर शेंकडा चाळीस शुल्क, ८ डिसेंबरला बंदीच, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण शुल्क राहिलें, सप्टेंबरांत तें वीसावर आलें, आणि १ एप्रिल २०२५ ला गेलें. आपल्या घोडेगांवच्या बाजारांत ज्यांनीं त्या हिंवाळ्यांत गाडी उभी केली होती त्यांना मी अधिक काय सांगावें? शहरांत कांदा स्वस्त राहावा हें वाईट नाहीं. तो कोणाच्या खिशांतून स्वस्त राहतो, हें मात्र वहींत लिहिलेलें असावें.

रेषा नुसत्या मिठा-कांद्यालाच असतात असेंही नाहीं. या आपल्या चौथऱ्यावर २०१६ च्या एप्रिलपर्यंत बायकांना चढूं देत नव्हते. ती रेषा ओलांडणाऱ्या बायांना काय काय म्हटलें गेलें, तें येथें बसलेल्या पुष्कळांनीं कानांनीं ऐकलें आहे.

मीं हिंदुस्थानच्या नकाशावर तांबड्या शाईनें ती जकातीची रेषा काढून शाळेच्या व्हरांड्यांत लावली आहे. जातांना पोरांना घेऊन पाहून जा. आणि गंगापूर-पैठणकडचे पाहुणे आज येथें बसले आहेत, त्यांना माझी विनंति आहे. तुमच्या घरांत करोडगिरीच्या नाक्याच्या, हाली-कलदाराच्या, रात्रीं नदी ओलांडल्याच्या गोष्टी आजा-पणजापासून चालत आल्या असतील. त्या कोणी लिहून ठेवलेल्या नाहींत. पुढें येऊन बसा, आणि एकेकानें सांगा. मी वही घेऊन आलों आहें.